जागल

तिगावच्या शिवारात ज्याच्याकडे संत्र्याचा बगीचा आहे, त्याला वर्षभर दोनच काळज्या: विहिरीला पाणी किती, आणि बहार टिकतो की गळतो. एका घराला त्या वर्षी तिसरी काळजी लागली. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमारीची दगडफेक झाली, आणि त्याच आठवड्यात घरातला दहा वर्षांचा नातू तापानं फणफणला. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे धरलेले, अंगावर लाल पुरळ. गावात गोळ्या झाल्या, पांढुर्ण्यात सलाइन झालं, शेवटी नागपूर गाठावं लागलं. डेंग्यू निघाला. पोरगं वाचलं, पण पुढे कितीतरी दिवस भिंत धरून चालत होतं.

नागपूरच्या दवाखान्यात आजीनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, “हा ताप येते तरी कुठून?”

“घरातूनच येतो, आजी,” डॉक्टर म्हणाले. “हा डास गटारात वाढत नाही. साठवलेल्या चांगल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसाढवळ्या चावतो, आणि जिथं जन्मला त्या घराच्या आसपासच राहतो.”

आजीच्या मनाला ते फार लागलं. तिचा मालक हयात होता तोवर बहाराच्या दिवसांत रोज रात्री बगीच्यात जागलीला जायचा. रानडुकरं आली, चोर आले, तरी ते बाहेरून येत. कुंपण मजबूत करता येई, कंदील घेऊन फिरता येई. इथे वैरी घरच्या पाण्यात वाढत होता, आणि पाणी भरून ठेवणारे हात तिचेच होते.

घरी आल्या आल्या ती विहिरीजवळच्या ढोरांच्या टाक्यावर गेली. सिमेंटचं जुनं टाकं, बैलांना पाणी पाजायचं. वाकून पाहिलं तर पाण्याच्या वरच्या अंगाला बारीक अळ्या उलट्या लोंबकळत होत्या. शेपटीकडून श्वास घ्यायच्या, सावली पडली की वळवळत तळाशी जायच्या, थोड्या वेळानं पुन्हा वर यायच्या. हे टाकं दर आठवड्याला कोरडं करायचं म्हटलं तर उन्हाळ्यात तेवढं पाणी आणायचं कुठून? आणि टाकं नसेल तर बैलांनी प्यायचं काय?

वाट काढली ती नातवाच्या मामानं. 2023 साली मध्य प्रदेशातला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तरी तिगावच्या सोयरिकी अजून महाराष्ट्रातल्या वरूड, नरखेड, काटोलकडेच होतात. हा मामा वरूड तालुक्यात आरोग्यसेवक. भाच्याला भेटायला आला तेव्हा काचेच्या बरणीत मूठभर मासे घेऊन आला. मातकट रंगाच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या माद्या, आणि त्यांच्याहून निम्मे, अंगावर केशरी-निळे ठिपके असलेले नर.

“मावशी, हे गप्पी मासे. एक मासा दिवसाले ऐंशी ते शंभर अळ्या खाते. टाक्यात सोडा. पन पिण्याच्या रांजणात नोका सोडू. अन्‌ टाक्यात ब्लीचिंग पावडर टाकान त मासे मरतीन, हे ध्यानात ठेवा.”

हा मासा मूळचा आपल्याकडचा नाही. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचे आणि त्रिनिदाद बेटावरचे ओढे हे त्याचं माहेर. 1859 साली विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांनी काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, आणि 1866 मध्ये अल्बर्ट गुंथर यांनी त्याला गप्पींचं नाव दिलं. शास्त्राच्या वहीत आधीचं नाव टिकलं, लोकांच्या तोंडी गप्पी राहिला. हौशी लोकांनी त्याला काचेच्या पेटीत ठेवून रंगीत शेपट्यांच्या जाती तयार केल्या. हिवताप खात्यांनी त्याला हौदांत आणि विहिरींत कामाला लावलं. महाराष्ट्रात कितीतरी आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी माशांचं टाकं असतं आणि मागेल त्याला ते फुकट मिळतात. सीमेच्या अलीकडे, मध्य प्रदेशात, डासांसाठी गंबूसिया माशाचं नाव जास्त ऐकू येतं. तो गप्पीचाच जातभाई. त्याची गोष्ट पुढे येईल.

मासे टाक्यात सुटले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यात एक अळी दिसेना. आजीला बरं वाटलं. नातीला मात्र त्या टाक्याचं वेडच लागलं. नातवाची थोरली बहीण ही, सातवीत शिकणारी. शाळेतून आली की दप्तर खाली टाकायच्या आधी टाक्यावर.

एका दुपारी तिनं जे पाहिलं ते फार थोड्यांनी पाहिलं असेल. एका मादीच्या पोटामागचा काळा डाग गेले काही दिवस गडद होत चालला होता, पोट फुगून चौकोनी दिसत होतं. ती एका कोपऱ्यात थरथरत थांबली होती. मग तिच्या पोटाखालून एक दुमडलेला ठिपका बाहेर पडला. तळाकडे गेला, तिथे उलगडला, आणि दुसऱ्या क्षणी सरळ पोहायला लागला. अंग आरपार दिसणारं, नुसते दोन डोळे तेवढे काळे. गप्पी अंडी घालत नाही, जितं पिल्लू देतो, हे मामानं सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं. दुसरं पिल्लू आलं, तिसरं आलं. एका खेपेला वीस-तीसही येतात, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. नात श्वास धरून मोजत होती. तेवढ्यात मादी वळली आणि आपल्याच एका पिल्लाला तिनं गपकन गिळलं.

पोरगी रडत घरात आली. “आजी, तिनं सोताचं लेकरू खाल्लं! असे मासे नको आपल्याले.”

आजी तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, “पानी हलवून जे वळवळते थे खाते, म्हनून त आपन आनली तिले. तिले काय ठाऊक, अळी कोनती अन्‌ लेकरू कोनतं? तिच्यावर रागावून काय होईन? लेकराईले लपाले जागा कर.”

नातीनं ओढ्यातून पाणगवताची जुडी आणली, दगड बांधून टाक्याच्या एका कोपऱ्यात सोडली. पुढच्या खेपेला बरीच पिल्लं त्या गवतात शिरली आणि वाचली.

हिवाळा जड गेला. सातपुड्याच्या या पायथ्याला पौषातल्या रात्री पाणी हाताला झोंबतं, आणि हा मासा उष्ण देशाचा. सकाळी दोन-चार मासे पाण्यावर आडवे दिसायचे. आजीनं टाक्यावर तुराट्या आणि ताडपत्री घातली, थोडे मासे घरात माठात आणून ठेवले. संक्रांत सरली, ऊन वाढलं, आणि मासे पुन्हा वाढायला लागले. विहिरीचं पाणी थोडं थोडं वरून घालत उन्हाळाही निघाला. आषाढ लागला तेव्हा टाकं माशांनी भरलं होतं.

मग आजीनं गावात निरोप धाडला, ज्याला हवे त्यानं मासे न्यावेत. कोणी लोटा घेऊन आलं, कोणी तेलाचा रिकामा डबा. आजीनं मात्र ओसरीवरच तीन अटी सांगितल्या. ज्या भांड्यात मासा नाही, मग तो ड्रम असो की फुटका टायर, ते आठवड्यातून एकदा घासून कोरडं करायचं. आठव्या दिवशी नात टॉर्च घेऊन येईल, तिला सगळं दाखवायचं. आणि मासे काही झालं तरी नाल्यात सोडायचे नाहीत.

“काकू, मासे नेऊन रायलो का सोयरिक करून रायलो?” पाटील हसून म्हणाले. गावात मोठं घर त्यांचं. अंगणात दोन हौद.

“सोयरिकच समजा, पाटील. येऊ द्यान त नेजा.”

पाटलांनी सगळ्यांत जास्त मासे नेले. माणूस मनाचा मोठा होता, त्यात शंका नाही. हौदाभोवती चुना मारला, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं मासे दाखवले. घरातली मंडळी पुण्य म्हणून रोज पोळीचा चुरा टाकू लागली. भरल्या पोटी मासे अळ्यांमागे कशाला धावतील? पहिल्या आठव्या दिवशी नातीनं टॉर्च मारली तर मासे गुबगुबीत आणि अळ्याही खुशाल. ती म्हणाली, “काका, पोळी नोका टाकू.” दुसऱ्या आठव्या दिवशी ती म्हणाली, “काका, मागच्या पडवीतलं पाहू द्या.” तिसऱ्या खेपेला पाटील वैतागले. “ए पोरी, मासे हायेत न घरात! आता अजून कायले टॉर्च दाखवतं? जाय, अभ्यास कर.”

ती परत गेली. आजीला सांगितलं. आजी काही बोलली नाही, पण पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन आली. पाटील घरी नव्हते, मागचं दार बंद होतं.

पोळ्याला पाटलांचे बैल नेहमीसारखे सजले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांची सून तापानं पडली. पुन्हा तीच वाट, पांढुर्णा आणि मग नागपूर. पुन्हा डेंग्यू. गावात कुजबुज उठली की आजीचे मासे काही कामाचे नाहीत. एकानं तर डबाभर मासे आणून तिच्या ओसरीवर ठेवले, “हे घ्या तुमचे.”

सून सुखरूप घरी आली त्या दिवशी आजी नातीला घेऊन पाटलांकडे गेली. खिचडीचा डबा सुनेच्या उशाशी ठेवला, तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मग म्हणाली, “पाटील, मागची पडवी उघडून द्या.”

पडवीत कूलर होता. विदर्भ असो की सौंसर-पांढुर्णा, उन्हाळ्यात या मुलखात कूलरशिवाय घर नाही, आणि मृग बरसला की त्या कूलरची आठवण कोणाला राहत नाही. पाटलांच्या कूलरच्या तळाला वीतभर पाणी होतं, पत्र्यावरून गळणाऱ्या पावसानं भरत राहिलेलं. टॉर्चच्या उजेडात अळ्या वळवळल्या. नातीनं उजेड थोडा वर घेतला. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, कूलरच्या भिंतीला, काळे बारीक कण चिकटलेले होते.

“काका, हे अंडी होत. पानी फेकलं तरी ह्या राह्यतात. वाळल्या तरी कितीक महिने मरत नाही. पुढच्या वर्षी पानी टाकलं का फुटतीन.”

पाटलांचा चेहरा उतरला. “मले वाटलं, मासे हायेत घरात…”

“मासा हौदातला,” आजी म्हणाली. “थो कूलरात कसा जाईन, पाटील?”

पुढे ती एक शब्द बोलली नाही. पदर खोचला, काथ्या मागून घेतला आणि कूलरची भिंत घासायला बसली. पाटलांनी तिच्या हातातून काथ्या काढून घेतला. कूलरमागे दोन टायर निघाले, एक फुटका माठ निघाला. ते सगळं स्वच्छ होईतो दिवस मावळला. या बाईचं मला सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं ते इथे. गाव तिला नावं ठेवत होतं, तेव्हा आपले मासे कसे खरे हे पटवत ती दारोदार फिरली नाही. ज्या घरात दुखणं होतं तिथे गेली आणि भांडं घासलं.

पाटील त्या दिवसापासून बदलले, आणि बदललेली माणसं करतात तसं त्यांना एकदम फार मोठं काही करावंसं वाटू लागलं. कार्तिकात एका सकाळी ते माशांनी भरलेल्या दोन बादल्या घेऊन नाल्याकडे निघाले. सोबत चार पोरं. नात धावत घरी आली. आजी होती तशीच, हाताला पीठ लागलेलं, डोहावर पोचली.

“पाटील, थांबा. ही अट होती न?”

“काकू, आपल्या घरची टाकी झाली. आता साऱ्या गावाचं भलं होऊ द्या. अन्‌ त्या जीवाईलेही मोकळं पानी भेटन. हौदात कोंडून ठेवण्यापरीस पुण्यच न?”

आजीनं त्यांना डोहाच्या काठाशी बसवलं. पावसानंतरचं नितळ पाणी होतं. “पाहा थोडा वेळ,” म्हणाली. पाण्याच्या काठाला बोटभर लांब चंदेरी मासे झुंडीनं फिरत होते. तळाच्या वाळूत मुऱ्या होत्या, दगडाखाली झिंगे. चतुराची एक अळी काडीला धरून बसली होती. चतुर उडायला लागायच्या आधी पाण्यातच वाढतो आणि डासांच्या अळ्याही खातो. अर्धा तास पाहूनही त्या वाहत्या डोहात डासाची एक अळी दिसली नाही.

“इथं पहिलेच जागलीवाले हायेत,” आजी म्हणाली. “त्याईच्या जागी तुमी आपले नेऊन बसवान, त थे कुठं जातीन? हा मासा त्याईची अंडी खाईन, पिल्लं खाईन. हौदात थो आपल्या हाताखाली हाय. इथं सोडला का कोनाच्या हाताखाली?”

नातीनं मामाला फोन लावला आणि मोबाइल पाटलांच्या कानाशी धरला. मामानं जे सांगितलं ते मी नीटच सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असायला हवं. गंबूसिया हा माशाचा प्रकार डासांसाठीच 1928 साली इटलीहून भारतात आणला गेला. जगभर लोकांनी तो अशाच सदिच्छेनं नद्या-तळ्यांत सोडला. आज तो जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. कितीतरी ठिकाणी त्यानं तिथले मूळचे छोटे मासे आणि बेडूक हटवले. गप्पीही त्याच वाटेनं जाणारा. त्याची एक मादी नराचं बीज पोटात महिनोन्‌महिने साठवून ठेवते, म्हणजे एकटी मादी नाल्यात गेली तरी तिच्यापासून वंश सुरू होतो. हौद उपसता येतो, पण नाल्यात शिरलेला मासा पुन्हा गोळा करता येत नाही. म्हणून गप्पी सोडायचा तो बंद पाण्यात, जिथून नदीनाल्याला वाट नाही.

पाटील बराच वेळ डोहाकडे पाहत राहिले. मग पोरांना म्हणाले, “उचला रे बादल्या.” त्या दिवशी मासे गावातल्या उघड्या हौदांत, बांधकामाच्या टाक्यांत आणि दोन पडक्या विहिरींत गेले. प्रत्येक ठिकाणी सोडायच्या आधी पाटलांनी विचारलं, इथलं पाणी पावसात वाहून कुठे जातं? एका टाक्याचं पाणी ओहोळाला मिळत होतं. तिथे त्यांनी मासे सोडले नाहीत. टाकंच उपसून कोरडं केलं.

नात पुढच्या वर्षी नववीत गेली, तिला पांढुर्ण्याच्या शाळेत जावं लागलं. आठव्या दिवसाची फेरी कोण करणार, असं आजी विचारायच्या आधीच पाटील टॉर्च घेऊन ओसरीवर उभे राहिले. सुरुवातीला लोकांना ते अवघड वाटायचं. पाटलांसारखा माणूस आपल्या पडवीत शिरून कुंडीखालची ताटली उचलतो, टायर उलटा करतो! पण माणूस नेमानं येत राहिला की लोक आधीच आवरून ठेवतात, तसं झालं. पुढच्या भाद्रपदात गावात ताप आलाच नाही असं नाही. एका घरी आला. त्या घराच्या गच्चीवर झाकण उडालेली टाकी सापडली, पाटलांनी ती पाहायची राहून गेली होती. त्या रात्री ते आजीकडे येऊन बसले आणि म्हणाले, “काकू, जिना चढाचा कंटाळा केला मी.” आजीनं चहा पुढे केला. “उद्यापासून चढा,” एवढंच म्हणाली.

त्याच्या पुढच्या आषाढात स्टेशनाकडच्या वस्तीतला एक जण, नुकताच बदलून आलेला, डबा घेऊन मासे मागायला आला. आजीच्या गुडघ्यांनी आता दगा दिला होता. तिनं त्याला पाटलांकडे धाडलं. पाटील हौदावरच होते, जाळीनं पिल्लं वेगळी काढत. त्यानं डबा पुढे धरला. पाटलांनी जाळी बाजूला ठेवली, हात पुसले आणि पायात चपला सरकवल्या.

“मासे देतो न. पहिले चाला, तुमचा कूलर दाखवा.”